स्थिर हवेची चाचणी

बाबा गेले तेव्हा त्या खोलीत वारा नव्हता. वारा नसणं हाच तिथल्या चाचणीचा नियम होता, आणि आई नेमकी त्यावरच अडून बसली होती. हृदय अचानक बंद पडलं, क्षणात गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टरांनी तिला परोपरीनं सांगितलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, "पण तिथे वारा नव्हता ना."

त्या दिवसापासून ती घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायला लागली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, डोक्यावर पंखा भरधाव, आणि ही पातळ चादर पायावर ओढून टक्क जागी. मी खिडकी लावायला उठले की म्हणायची, "राहू दे गं. त्यांना कुठे होता?" मी तापट बाई आहे, वाद घालायला मला निमित्त लागत नाही. पण या वाक्यापुढे मी हात टेकले. स्वेटर चढवून, कानाला रुमाल बांधून मी तिच्या शेजारी झोपू लागले.

बाबा आणि मी एकाच कारखान्यात होतो. आम्ही विमानांसाठी वीज हाताळणारे खोके बनवतो. विमानं लहान, विजेवर चालणारी, बरीचशी रुग्णांना एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवणारी. बॅटरीतली वीज मोटरला हवी तशी करून देणं हे त्या खोक्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम. त्यातून इतकी वीज वाहते की ते तापतंच, आणि ती उष्णता वेळेवर बाहेर पडली नाही तर आतले भाग जळून मोटर थांबते. म्हणून खोक्याच्या पाठीला हीट सिंक बसवतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा आणि त्यावर पातळ पात्यांची दाट रांग. उष्णता खोक्यातून पत्र्यात येते, पत्र्यातून पात्यांत आणि पात्यांवरून हवेत जाते. पात्यांवर हवा मारायला एक पंखा असतो. पण भर आकाशात तो पंखाच बंद पडला तर? तर विमान खाली उतरेपर्यंत पात्यांनी वाऱ्याशिवाय तग धरायला हवा. ती धरतात की नाही हे बघायचं म्हणजे स्थिर हवेची चाचणी.

आमच्याकडे या चाचणीला सगळे 'मौन' म्हणतात. खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी मारायची, दाराखाली फडकं गुंडाळून सारायचं, हवेच्या जाळीवर पुठ्ठा लावायचा. आत टेबलावर खोका, बाजूला स्क्रीन आणि हातभर अंतरावर खुर्चीत एक माणूस. तो कशाला, तर धूर यंत्राआधी नाकाला कळतो आणि वीज तोडायचं लाल बटण त्याच्या हाताशी असतं. त्या माणसानं उठायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, खोकला आला तर गिळायचा. पात्यांमध्ये रोवलेले सेन्सर इतके नाजूक की जवळून कोणी नुसतं चालत गेलं तरी स्क्रीनवरची तापमानाची रेषा थरथरते. रेषा चढत जाते, मग दमते आणि आडवी होते. लाल रेषेच्या खाली आडवी झाली तर पास, वर गेली तर नापास. उंचावर हवा विरळ असते, पात्यांचे हाल आणखी होतात. ते गृहीत धरूनच ती लाल रेषा मुळात खाली ओढलेली आहे.

मौनाला बसण्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. घरी त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. नळ दुरुस्त करणाऱ्यालाही ते उष्णतेवर व्याख्यान द्यायचे आणि तो बिचारा पाना हातात धरून ऐकायचा. पण त्या खुर्चीत बसले की दगड. म्हणून त्यांचं नाव पडलं मौनीबाबा. एकदा चाचणी चालू असताना त्यांच्या पायावरून झुरळ गेलं आणि यांनी त्याला जाऊ दिलं, ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची. दर वेळी ते झुरळ थोडं मोठं व्हायचं.

शेवटची चाचणी माझ्या हीट सिंकची होती. पात्यांची उंची, जाडी, दोन पात्यांमधलं अंतर, सगळं गणित माझं. स्वतंत्रपणे केलेलं माझं पहिलंच काम. लोकांना चेष्टेला आयतंच निमित्त मिळालं. "पेपर लेकीचा, तपासनीस बाप. झालीस म्हणायची पास!" त्यावर बाबा म्हणाले होते, "मी सगळ्यांच्या पोरींना नापास करत आलोय. माझीच कशी सुटेल?" हसत हसत आत गेले, दार लागलं, तारवाल्यानं बाहेरून फडकं सारलं.

तारवाला म्हणजे आमचा वायरिंगचा माणूस. गळ्यात कायम वायरीचं वेटोळं असतं म्हणून हे नाव. बाबांच्या हाताखाली त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. वेळ संपल्यावर दार उघडलं ते त्यानंच. बाबा खुर्चीत बसलेले होते, मान छातीवर. त्यानं आधी लाल बटण दाबलं आणि मग आम्हाला हाक मारली. त्या हाकेनंच मला सगळं कळलं होतं.

कामावर परत गेले तेव्हा सगळे माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, मला आत बोलावून पाणी दिलं. म्हणाल्या, "तुझा हीट सिंक पास झालाय. रेषा लाल रेषेच्या खाली, अगदी काठाशी, पण आडवी झाली. त्यांनी जाता जाता तुझं काम पूर्ण करून दिलं बघ." मला रडू आवरेना. त्यांचेही डोळे भरले. खोक्यांची पहिली खेप आता पुढे जाणार होती.

आमच्या चाचणी विभागाची एक रीत आहे. मौनाला बसणारा माणूस कामावरून गेला, निवृत्त होऊन का होईना, की त्याच्या शेवटच्या चाचणीचा आलेख चौकटीत बसवून त्या खोलीबाहेरच्या भिंतीवर लावतात. बाबांचा आलेख छापायला मोठ्या बाईंनी मलाच सांगितलं. "तुझ्या हातून होऊ दे," म्हणाल्या.

अहवालातला आलेख सरासरी काढून गुळगुळीत केलेला असतो. भिंतीवर तो लावणं मला पटेना. बाबांना तसला आलेख आवडायचा नाही. "मेकअप केलेली रेषा," म्हणायचे. म्हणून मी मूळ नोंदी उघडल्या आणि त्या जशाच्या तशा स्क्रीनवर काढल्या.

रेषा खालून निघाली होती. सुबक, संथ, कुठे थरथर नाही. बाबा दगडासारखे बसले होते. लाल रेषा जवळ आली तरी ती दमायचं नाव घेईना. माझं गणित चुकलं होतं, हे मला तिथेच दिसलं. ही रेषा लाल रेषा ओलांडणारच होती. आणि मग ओलांडायच्या जरा आधी ती एकाएकी मोडली आणि आडवी झाली. त्या आडव्या भागावर बारीक लाटा होत्या. एकामागून एक, एकसारख्या. स्थिर हवेत लाटा येत नाहीत. वारा असल्याशिवाय येतच नाहीत.

मी खुर्ची पुढे ओढली. लाटा काही वेळ नीट चालल्या होत्या, मग लहान झाल्या, मग विरळ. आणि मग थांबल्या. तिथून पुढे रेषा पुन्हा गुळगुळीत होऊन वर चढायला लागली होती, थोडीशीच, आणि तिथे नोंद संपली, तारवाल्यानं वीज तोडली म्हणून. गुळगुळीत केलेल्या आलेखात हे शेवटचं टोक सरासरीत मिसळून गेलं होतं. दार उघडल्यानं असं व्हायचं नाही. दार उघडलं तर रेषा उतरते, चढत नाही.

कोणीतरी वारा घालत होतं, आणि मग घालायचं थांबलं. आत माणूस एकच होता.

ज्या जागी लाटा थांबल्या तिथे मी बोट ठेवलं. काच गार होती. माझा बाप तिथे गेला होता. मी बराच वेळ ते बोट उचललं नाही.

तारवाला मागच्या खोलीत केबलला टोकं बसवत होता. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "बाबांच्या हातात काय होतं?"

"कुठे काय? काही नव्हतं."

"खोटं बोलू नका काका. मी रेषा बघितलीय."

त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. गळ्यातलं वेटोळं काढून टेबलावर टाकलं. मग खाली बसला.

"झाकण होतं," तो म्हणाला. "हातमोज्यांच्या खोक्याचं, पुठ्ठ्याचं. असं घट्ट धरलेलं. बोटं सोडवायला लागली मला."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मौनीबाबांनी मौन मोडलं म्हणून सांगू?" त्याचा आवाज चढला. "आयुष्यभर माणूस हलला नाही. झुरळाला हलला नाही! आणि शेवटाला लोकांनी म्हणायचं, घाबरले, वारा घेत बसले, पोरीची चाचणी बिघडवली? माझ्या डोळ्यांदेखत नाही म्हणू देणार मी तसं. झाकण मी त्यांच्या पिशवीत घातलं. चष्मा, डबा, तेही घरी पाठवलं."

मला त्याचा इतका राग आला की हाताला लागेल ते फेकून मारावं. आणि त्याच क्षणी त्याच्या पाया पडावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हणाले, "काका, त्या खोक्यानं विमान उडणार आहे. आत पेशंट असणार आहे."

"एवढं डोकं चाललं नाही गं त्या वेळी," तो म्हणाला आणि तोंड फिरवून रडायला लागला.

हे सांगायला हवं यात मला तिळमात्र शंका नव्हती. आकाशात पंखा बंद पडला तर माझी पाती तग धरणार नव्हती, आणि तिथे वारा घालायला कोणी हातात झाकण घेऊन बसलेलं नसतं. माझं काम नापास होणार होतं, त्याचंही मला एवढं नव्हतं. मला काळजी होती ती आईची. काही कळलं नसेल, क्षणात गेले, हा एकच आधार आम्ही तिला दिला होता. आता मी तो काढून घेणार होते. त्यांना कळलं होतं. जीव घाबरला होता, उठून दार गाठायचं बळ उरलं नसेल, पण झाकण शोधून उचलण्याइतका आणि लाटा विरळ होईपर्यंत वारा घेत राहण्याइतका वेळ ते जागे होते. एकटे, बंद खोलीत. आणि हे कारखान्यात सांगायचं आणि घरी लपवायचं म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला कळायचं.

मोठ्या बाईंनी मूळ रेषा पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "त्यांचं नाव येईल यात," म्हणाल्या. "नोंदीत लिहावं लागेल, निरीक्षकानं नियम मोडला."

"लिहा."

"तुझा बाप आहे तो."

"म्हणूनच सांगतेय, लिहा. ते वाचले असते तर बाहेर येऊन पहिलं वाक्य हेच बोलले असते. चाचणी रद्द, मी हललो."

 खेप थांबवायचा फोन बाईंनी माझ्यासमोरच लावला.

चाचणी पुन्हा झाली. खुर्चीत मी बसले. मी बसू नये असं सगळ्यांचं म्हणणं होतं, मी कोणाचंच ऐकलं नाही. तारवाल्यानं दार लावताना माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग बाहेरून फडकं सारलं. मग फक्त खोक्याची बारीक गुणगुण राहिली. त्या खोलीत हवा आपल्या अंगावर बसते. ती ढकलता येत नाही. घाम कानामागून मानेवर उतरतो आणि आपण तो पुसायचा नसतो. रेषा चढत होती. ज्या उंचीवर बाबांची रेषा मोडली होती तिथे ती पोचली तेव्हा मला धड श्वास घेता येईना. कपाटावर हातमोज्यांचा नवा खोका होता, हात लांबवला असता तर झाकण मिळालं असतं. मी तरुण आहे, धडधाकट आहे, तरी माझा हात मांडीवरून उचलला गेला. बाबांच्या छातीत त्या वेळी काय चाललं असेल? मी हात परत ठेवला. रेषा लाल रेषेच्या वर गेली आणि चढतच राहिली. मी बटण दाबलं. माझा हीट सिंक नापास झाला होता.

त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेले. आई खिडकीपाशी बसली होती, नेहमीसारखी उघड्या खिडकीपाशी. पदर डोक्यावरून घेतलेला, नाकाचा शेंडा लाल. मी चहा केला. तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

मी कपाटातून बाबांची पिशवी काढली. आईनं ती उघडलीही नव्हती. चष्मा, डबा, आणि तळाशी पुठ्ठ्याचं झाकण. एका बाजूला अंगठ्यानं दाबून दाबून पुठ्ठा मऊ पडला होता. तिथे पांढऱ्या पेस्टचा डाग होता. खोका आणि हीट सिंक यांच्या मध्ये आम्ही ती पेस्ट लावतो, बाबांच्या बोटांना ती कायम लागलेली असायची. शर्ट धुताना आई तिच्या नावानं खडे फोडायची.

"हे काय?" आई म्हणाली.

"आई, तुला एक सांगायचंय. आम्ही तुला सांगितलं ना, की एका क्षणात गेले. तसं झालं नाही."

तिनं कप खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. पाल्हाळ लावत, अडखळत, मध्येच उगाच हवेचं शास्त्र सांगत, बाबा सांगायचे तसं. छापून आणलेला आलेख तिच्या मांडीवर पसरला. ही रेषा, इथपर्यंत ते बसून होते. इथे त्यांनी झाकण उचललं. या बारीक लाटा दिसतात ना, तो त्यांचा हात आहे. प्रत्येक लाट म्हणजे एकदा हलवलेलं झाकण. मला वाटत होतं ती आता कोसळेल. मी तिचा दंड धरून बसले होते.

आई कागदावर वाकली. चष्मा लावला नव्हता तिनं, तरी बघत राहिली. मग लाटांवरून बोट फिरवायला लागली, सावकाश, कापडाचा पोत बघावा तसं.

"म्हणजे यांनी वारा घेतला?"

"हो."

"तुमच्या त्या खोलीत? नियम मोडून?"

"हो, आई. म्हणूनच चाचणी रद्द झाली."

"खड्ड्यात गेली तुमची चाचणी." तिनं झाकण उचललं, अंगठा त्या मऊ पडलेल्या जागी ठेवला आणि माझ्या तोंडासमोर एकदा हलवून बघितलं. माझ्या कपाळावरचे केस हलले. "बरा येतो की गं वारा."

मी केस मागे सारले.

"कुठपर्यंत घेतला?"

मी तिचं बोट धरून लाटा संपतात तिथे नेलं. "इथपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे ते नाहीत."

"म्हणजे शेवटपर्यंत."

"हो. शेवटपर्यंत."

आईनं मोठा श्वास घेतला. मग ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडून रडली, झाकण छातीशी धरून. मीही रडले. रडून झाल्यावर तिनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. गार झालेला चहा एका दमात प्यायली. उठली, खिडकीपाशी गेली आणि दोन्ही दारं ओढून कडी घातली. पंख्याचं बटण बंद केलं.

"ती जाड गोधडी काढ गं वरची," ती म्हणाली. "किती दिवस झाले, थंडी वाजतेय मला."